पोपटांचे पिंजरे कमी झाले, हे बरेच झाले



सुटीत राणीची बाग पाहून आलेल्या मुलाला आजोबा हमखास एक प्रश्न विचारतात, “काय रे, पोपट पाहिलेस का?” मुलगा पेंग्विनबद्दल सांगत असतो, वाघाबद्दल सांगत असतो, पोपटांचे त्याच्या ध्यानातही नसते. आजोबांना याचे नवल वाटते. त्यांच्या लहानपणी कोणत्याही मोठ्या प्राणिसंग्रहालयात पोपटांच्या पिंजऱ्यांची एक लांबच लांब ओळ असे. एकात लालनिळा मकाव, दुसऱ्यात पांढराशुभ्र काकाकुवा, तिसऱ्यात लाल शेपटीचा राखी पोपट. प्रत्येक पिंजऱ्यावर एक पाटी, पाटीवर नाव आणि देश. मुले पिंजऱ्यापुढे “मिठू मिठू” करीत उभी राहात आणि पुढे सरकत.

ही ओळ आता देशोदेशी आखूड होत चालली आहे. स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर १९७२ मध्ये दीडशे पोपटांनिशी सुरू झालेल्या उद्यानासारखे काही अपवाद आहेत. पण युरोप-अमेरिकेतील जुन्या संग्रहालयांनी आपली पोपटगृहे लहान केली किंवा मोडून टाकली. आपल्या मुंबईतही पक्षी ठेवण्याची पद्धत बदलली आहे. १८६२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या राणीच्या बागेत २०२० साली नवे पक्षिगृह उभे राहिले. त्यात माणसे आत शिरून चालतात आणि पक्षी त्यांच्या डोक्यावरून उडतात.

पोपटांची ओळ आखूड झाली म्हणून पुष्कळांना वाईट वाटते. “मुलांनी पाहायचे तरी कोठे?” असे शिक्षकही विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरीही मला वाटते की, जे झाले ते बरेच झाले. तसे का वाटते ते सांगतो, आणि तेवढ्याने भागणार का नाही, तेही सांगतो.

तिकिटांच्या वहीसारखी हौस

तुमच्यापैकी काहीजणांना टपालाची तिकिटे जमवण्याचा नाद असेल. एका देशाचे एक तिकीट वहीत चिकटले की दुसऱ्या देशाचे शोधायचे. एकोणिसाव्या शतकातील प्राणिसंग्रहालये पक्ष्यांच्या बाबतीत हेच करीत. जगात पोपटांच्या सुमारे चारशे जाती आहेत. रंग भडक, खाणे साधे, काही तर माणसासारखे बोलणारे! तेव्हा जितक्या जास्त जाती, तितकी संग्रहालयाची प्रतिष्ठा मोठी. एकेका जातीचे एक किंवा दोन पक्षी आणले की काम झाले.

पण हे पक्षी येत कोठून? बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. पारधी ढोलीतून पिले काढीत. ढोली उंच असली तर कधी झाडच आडवे करीत. म्हणजे पिले गेली आणि पुढच्या वर्षीची ढोलीही गेली. मग बोटीचा लांबचा प्रवास. त्यात अनेक पिले दगावत. जो एक पक्षी पाटीखाली येऊन बसे, त्याच्यामागे किती मेले याची नोंद त्या पाटीवर नसे.

एवढे करून त्या जातीचे तरी रक्षण होत होते काय? उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात कॅरोलिना पोपट नावाचा हिरवा-पिवळा पक्षी एकेकाळी मोठ्या थव्यांनी राही. बागांची नासधूस करतो म्हणून शेतकऱ्यांनी त्याला मारले, टोप्यांना पिसे हवीत म्हणून शिकाऱ्यांनी मारले, शिवाय जंगले तुटली ती वेगळीच. या जातीचा पिंजऱ्यातला शेवटचा नर सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २१ फेब्रुवारी १९१८ रोजी मेला. त्याचे नाव होते इंकस. त्याआधी १९१४ मध्ये याच संग्रहालयात प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी मेली होती. पिंजऱ्यात पक्षी असणे आणि ती जात वाचणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून शिकायचे.

ओळ आखूड का झाली?

याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण कायद्याचे. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये आपले पक्षी बाहेर पाठवणे बंद केले. आपल्याकडे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. दुर्मिळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. १९८१ मध्ये मोजक्या जाती सोडून जगातील सगळे पोपट या कराराच्या कक्षेत आले. युरोपीय देशांनी रानातून पकडलेले पक्षी आणण्यावर २००५ मध्ये तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची बंदी घातली. विहिरीचा झराच आटला, मग पोहरा भरणार कसा?

दुसरे कारण रोगाचे. १९२९-३० मध्ये पोपटांपासून माणसांना होणाऱ्या एका तापाची साथ अनेक देशांत पसरली. फुप्फुसांना सूज आणणारा हा रोग ‘पोपटताप’ म्हणून ओळखला जातो. तो सूक्ष्म जीवाणूंमुळे होतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या श्वासात जातो. आज त्यावर प्रतिजैविके आहेत. पण गर्दीच्या पोपटगृहात रोग झपाट्याने पसरतो, ही गोष्ट संग्रहालये विसरली नाहीत.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे पोपटाच्या बुद्धीविषयीचे आपले ज्ञान. न समजता घोकलेल्या पाठाला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. शिक्षकांनी हा शब्द आता जरा जपून वापरावा! आयरिन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीने १९७७ मध्ये दुकानातून एक राखी पोपट घेतला आणि तीस वर्षे त्याला शिकवले. त्याचे नाव ॲलेक्स. पन्नासएक वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो ओळखत असे. दोन वस्तू पुढे ठेवून “यांत वेगळे काय?” असे विचारले तर “रंग” किंवा “आकार” असे उत्तर देई. २००७ मध्ये तो मेला. असा मेंदू असलेल्या पक्ष्याला चार फुटी पिंजऱ्यात एकटे ठेवले तर काय होईल? एका शहराच्या संग्रहालयात मी एक काकाकुवा पाहिला होता. त्याची छाती उघडी पडली होती. आधी वाटले, रोग असावा. राखणदार म्हणाला, “नाही साहेब, तो स्वतःच उपटतो.” कंटाळलेले, एकटे पोपट स्वतःची पिसे उपटतात, हे मला नंतर वाचून कळले. त्या पिंजऱ्यावरच्या पाटीवर मात्र त्याचा देश तेवढा लिहिलेला होता.

चौथे कारण आयुष्याचे. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात १९३४ साली एक वर्षाचा काकाकुवा आला. नाव कुकी. संग्रहालय त्याच वर्षी सुरू झाले होते. दुसरे महायुद्ध झाले, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि कुकी तिथेच होता. लोकांच्या नजरेपुढे बसण्याचा त्याला त्रास होतो असे दिसल्यावर २००९ मध्ये त्याला आत, कार्यालयात हलवण्यात आले. २०१६ मध्ये तो वारला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. एक पक्षी आणणे म्हणजे ब्याऐंशी वर्षांची जबाबदारी घेणे, हे त्याने दाखवून दिले.

शेवटचे कारण धोरणाचे. आपल्या देशात १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण आले. संग्रहालयाचे मुख्य काम निसर्गरक्षणाला हातभार लावणे हे आहे, नुसती करमणूक नव्हे, असे हे धोरण सांगते. मग ‘आमच्याकडे किती जाती आहेत’ या बढाईला अर्थ उरत नाही.

मग सगळीच दारे उघडायची काय?

इथे तुमच्यापैकी एखादा उत्साही मित्र म्हणेल, “मग उरलेले पिंजरेही उघडून टाका!” त्याला माझी एक गोष्ट सांगतो.

मी वाकोल्याचा. लहानपणी आमच्या चाळीत शेजारच्या काकूंकडे एक मिठू होता. गॅलरीत टांगलेल्या तारेच्या पिंजऱ्यात बसून तो मिरची खाई आणि दूधवाल्याची हुबेहूब नक्कल करी. एके दिवशी शाळेत स्वातंत्र्यावर धडा झाला. मला कळवळा आला. काकू दुपारी झोपल्या असताना मी पिंजऱ्याचे दार उघडले. मिठू बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी आला, फडफडत समोरच्या विजेच्या तारेपर्यंत कसाबसा गेला आणि तिथून खालच्या पत्र्यावर पडला. कावळ्यांनी त्याला घेरले. मी जिना उतरून जाईपर्यंत सगळे आटोपले होते. काकू मला एक शब्दही बोलल्या नाहीत. रिकामा पिंजरा मात्र पुष्कळ दिवस गॅलरीत तसाच टांगलेला होता.

पुढे शास्त्र शिकल्यावर चूक समजली. वर्षानुवर्षे न उडलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू दुबळे होतात. रानात काय खावे, कावळा आणि ससाणा यांच्यापासून कसे वाचावे, हे पिलू थव्यात राहून शिकते. मिठूला ते कोणी शिकवलेच नव्हते. दार उघडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे.

म्हणून संग्रहालयांनी पोपट कमी करावेत ते हिशेबाने. जे आहेत त्यांना मोठ्या जागेत, जोडीने किंवा थव्याने, शेवटपर्यंत सांभाळावे. ज्या जातीसाठी रानात जागा राखली आहे, तेवढ्याच जातीची पैदास करावी. अशी पैदास किती उपयोगी पडते, याचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल अशा देशात आहे. मॉरिशस बेटावर मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहतात, गणपती बसवतात. त्या बेटावर आपल्या साध्या हिरव्या पोपटाचा एक भाऊबंद आहे. त्याला ‘एको पोपट’ म्हणतात. जंगले तुटल्याने १९८० च्या सुमारास त्याचे जेमतेम दहा-बारा पक्षी उरले होते. कार्ल जोन्स या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जर्सीच्या प्राणिसंग्रहालयाच्या मदतीने, काम हाती घेतले. या पोपटाची जोडी बहुधा एकच पिलू वाढवू शकते. बाकीची उपाशी मरतात. ही जादा पिले घरट्यातून काढून हाताने भरवली, काहींची बंदिस्त जागेत पैदास केली, रानात लाकडी पेट्या टांगल्या, खाद्य पुरवले आणि वाढलेले पक्षी पुन्हा रानात सोडले. आज त्यांची संख्या शेकड्यांत मोजली जाते. इथे पिंजरा हा मुक्काम नव्हता, वाटेतले स्टेशन होते.

याच बेटावरची दुसरी बाजूही ऐका. एकोणिसाव्या शतकात माणसांनी तेथे नेलेला आपला हिरवा पोपट सुटून रानात पसरला आहे, आणि तो एको पोपटाच्या ढोल्या बळकावतो! लंडनच्या बागांतही १९७० च्या सुमारापासून हेच हिरवे थवे मूळ धरून आहेत. हौसेने नेलेला पक्षी कोठे काय करील, याचा नेम नसतो.

पुढच्या दाराने गेला, मागच्या दाराने आला

आता खरी काळजीची गोष्ट. संग्रहालयाच्या दारातून बाहेर गेलेला पिंजरा आपल्या घराच्या दारातून आत येत आहे. वाकोल्याच्या जुन्या चाळींच्या जागी आता उंच इमारती आहेत. त्यांच्या खिडक्यांतून कोठे पिवळा कोन्यूर ओरडतो, कोठे मकाव बसलेला दिसतो. मालक लाड करतात, काजू-बदाम खाऊ घालतात. पण सकाळी नऊला घराला कुलूप लागते ते रात्री उघडते. संग्रहालयाला जे जमले नाही, ते दोन खोल्यांच्या घराला कसे जमावे?

कायदा काय सांगतो, ते नीट समजून घ्या. आपल्या देशातील कोणताही रानपोपट पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे गुन्हा आहे. मग तो ‘मिठू’ दादाने आणलेला असो की मामाने. मकाव, काकाकुवा, राखी पोपट यांसारखे परदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी त्यांची सरकारकडे नोंद केली पाहिजे, असे २०२४ चे नियम सांगतात. राखी पोपटाला तर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत घालावे लागले, इतके त्याला पाळीव म्हणून पकडण्यात आले. आणि हो, घरात हिरवा पोपट असलाच तर माझ्यासारखे दार उघडू नका. वनखात्याला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला कळवा. तेथे त्याची तपासणी होते आणि तो उडण्याजोगा असला तरच पुढचा विचार होतो.

पाहायचे कोठे?

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. मकाव जवळून पाहण्याचा आनंद कमी होईल, हे मी मान्य करतो. पण पिंजऱ्यातल्या मकावाकडे पाहून आपण शिकलो काय? त्याचा रंग. तो थव्यात कसा वागतो, पिलांना काय भरवतो, किती अंतर उडतो, यातले काहीच नाही. डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याचा नामांकित अभ्यास केला, तो झाडावर झुलणाऱ्या घरट्यांचा. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा नव्हे.

तुम्हीही हे करू शकता, आणि तेही वाकोल्यात. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास इमारतीच्या गच्चीवर जा. महामार्गावर वाहनांची रांग लागलेली असते, विमानतळाकडे एखादे विमान उतरत असते, आणि त्या आवाजातही “कीं, कीं” असा तीक्ष्ण स्वर ऐकू येतो. हिरव्या बाणांसारखा थवा वरून जातो. माझ्या गच्चीवरून ते बहुधा कालिन्याच्या बाजूला, विद्यानगरीतल्या झाडांकडे जाताना दिसतात. रात्रीच्या मुक्कामाला ते ठराविक झाडांवर जमतात.

एक वही करा. आठवड्यातून एकच वार ठरवा, जागा तीच ठेवा, वेळ तीच ठेवा. थवा आला की वेळ, पक्ष्यांची संख्या आणि जाण्याची दिशा लिहा. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा. शून्यही नोंदच आहे. दुर्बीण असल्यास गळा पाहा. काळा-गुलाबी कंठ असेल तर प्रौढ नर. मादीला तो नसतो आणि तरुण नरालाही दोन-तीन वर्षांनीच फुटतो. आकाराने मोठा आणि खांद्यावर लाल डाग असेल तर तो पहाडी पोपट. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत ढोल्यांकडे लक्ष द्या. जुन्या, वाळक्या फांदीतली ढोली हेच त्यांचे घर. मात्र घरट्याचा पत्ता कोणा अनोळखी माणसाला सांगू नका. पिले पकडणारे अजून आहेत.

एका मुलाची एक महिन्याची वही फारसे काही सांगणार नाही. पण एका शाळेने पाच वर्षे हे काम केले, तर परिसरातले पोपट वाढत आहेत की घटत आहेत, हे ठामपणे सांगता येईल. एखादे जुने झाड तोडण्याची नोटीस त्याच्या बुंध्यावर लागली की, ‘या झाडात तीन वर्षे पोपटांनी पिले वाढवली’ अशी तारीखवार नोंद जोडून तुम्ही हरकत घेऊ शकाल. शहरातील झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ पासून कायदा आहे, आणि हरकत घेण्याचा हक्क नागरिकांना आहे. वाळकी फांदी आपल्याला कचरा वाटते. पण तीच गेली तर पोपटांनी पिले घालायची कोठे?

संग्रहालयातल्या पोपटांची ओळ आखूड झाली, याचे दुःख मला नाही. काकूंच्या गॅलरीतला तो रिकामा पिंजरा मात्र मला अजून आठवतो. तसा पिंजरा पुन्हा कोणाच्या गॅलरीत टांगला जाऊ नये, आणि ढोली असलेले झाड उगाच पडू नये, एवढे तुम्हाला करता येण्यासारखे आहे. आज संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन गच्चीवर जा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि आजोबांनाही बरोबर न्या. “पोपट पाहिलेस का?” हा प्रश्न या वेळी तुम्ही त्यांना विचारा.